तुझी माती हिंजवडीला गेली

नसीम,

तुझ्या शोकसभेत सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. इतकं चांगलं, की मला वाटलं मी चुकून दुसऱ्याच कुठल्या बाईच्या शोकसभेला येऊन बसले आहे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "नसीम मॅडम अत्यंत प्रेमळ होत्या. त्यांची मातीशी नाळ जोडलेली होती." प्रेमळ! मागच्या रांगेत तुझ्या जुन्या विद्यार्थिनी बसल्या होत्या. त्यातल्या एकीला हसू आवरेना, तिनं तोंडावर ओढणी धरली. तिनं एकदा नकाशा उलटा टांगला होता, तेव्हा तू भर वर्गात म्हणाली होतीस, "तुझ्या भरवशावर देश असता तर हिमालय कन्याकुमारीला असता." ती तुझ्या शोकसभेला आली होती, हे तुझं नशीब.

मग मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले, म्हणाले, "नसीम कुणाचंही ऐकायची नाही," आणि खाली बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही, ते कुणाला कळेना.

उरलेलं इथे लिहिते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुझ्याबद्दल बोलत नाहीये, तुझ्याशी बोलते आहे. आणि तुझ्याशी बोलताना गोड बोलायची सवय मला कधी नव्हती.

आपण विश्रांतवाडीच्या शाळेत एकाच वर्षी लागलो. तू भूगोल, मी गणित. मी लग्न होऊन अमरावतीहून आलेली. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी चहाला बोलावलं, तर मी म्हणाले, "थांबा, मी डबा खाऊन राहिली." तू पेपर तपासत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "खाऊनच राहा. न खाता किती दिवस राहाल?" मला रडू आलं होतं. संध्याकाळी तूच बसस्टॉपवर माझ्या शेजारी येऊन उभी राहिलीस आणि कुठल्या बसला गर्दी कमी असते ते समजावून सांगितलंस. माफी वगैरे काही नाही. फक्त बसचे नंबर.

तुझं मराठी आम्हा सगळ्यांपेक्षा स्वच्छ. तुझा ळ आणि तुझा ण ऐकून पालक थक्क व्हायचे. "मॅडम, तुमचं मराठी किती छान आहे हो!" असं कुणी कौतुकानं म्हणालं, की तूही तितक्याच कौतुकानं म्हणायचीस, "तुमचंही बरं आहे." काहींना त्यातली मेख फाटकाबाहेर पडल्यावर कळायची, काहींना कधीच नाही.

तुझ्या अब्बांचं कुलपांचं दुकान. ते गेले तेव्हा दुकान सलीमला गेलं, धाकटा भाऊ तो, आणि तुझ्या वाट्याला आला वाघोलीच्या पुढचा एक उतार. "लग्न नाही केलंस, निदान जमीन तरी घे," असं ते जाण्याआधी तुला म्हणाले होते. जमीन म्हणजे काय, तर दगड, मुरूम आणि पायात रुतणारी कुसळं. मेंढ्यासुद्धा तिथे थांबायच्या नाहीत. तू मला बघायला घेऊन गेलीस तेव्हा मी म्हणाले, "अब्बांनी तुझ्यावर सूड उगवला." तू म्हणालीस, "नाही. त्यांनी मला प्रयोगशाळा दिली."

नववीच्या पुस्तकात मृदा संधारणाचा धडा होता. समपातळीत बांध घाला, माती झाकून ठेवा, पिकांची फेरपालट करा. एवढंच. ते तू वर्षानुवर्षं शिकवत आली होतीस, मुली ते पाठ करून पेपरात लिहीत होत्या, तू त्यांना मार्क देत होतीस. त्या दिवशी उतारावर उभी राहून म्हणालीस, "खरं आहे का, ते एकदा बघू या."

आणि माझ्या रविवारांचा सत्यानाश सुरू झाला.

तू दोन बांबू वरच्या टोकाला बांधलेस, मध्ये आडवी काठी लावलीस, शेंड्यावरून दोरीला एक दगड सोडलास. दोरी आडव्या काठीच्या मधोमध आली की दोन्ही पाय एका पातळीत. ते लाकडी बुजगावणं उतारावरून आडवं चालवत आपण जिथे जिथे पातळी जुळेल तिथे चुन्याची खूण करत गेलो. मग त्या खुणांवरून दगडांचे बांध. दगड आणायला कुठे जायचं नव्हतं, दगडांशिवाय तिथे काही नव्हतंच. मी वाकून वाकून थकले की तू म्हणायचीस, "गणितवाली ना तू? पाणी उतारावरून पळतं, बांधाशी थांबतं, हातातली माती खाली ठेवतं आणि मग पुढे जातं. वजाबाकी आहे नुसती. कर."

माझ्या वडिलांनी जन्मभर काळ्या जमिनीत कापूस पिकवला. त्यांना फोनवर सांगितलं तर ते खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, "मुरमावर शेती? गच्चीवर करा म्हणा त्यापेक्षा. आधी खोल नांगरट करा." मी तुला निरोप दिला. तू म्हणालीस, "नांगरायला आधी माती तर पाहिजे. आणि माती झाल्यावर तिला फाडायचं कशाला?" नांगर घालायचा की नाही यावर आपण पुढे कितीतरी वर्षं भांडलो. वडील गेल्यावरही मी त्यांच्या बाजूनं भांडत राहिले, कारण त्यांच्या बाजूनं भांडणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. तो वाद मिटलेला नाही. लक्षात ठेव.

पहिली काही वर्षं आपण शेती केलीच नाही, कचरा गोळा केला. रसवंतीवाल्यांकडून उसाचा चोथा आणायचा. स्कूटरच्या पुढे एक पोतं, मागे मी, माझ्या मांडीवर दुसरं पोतं, आणि दोघींच्या अंगावर मुंग्या. धानोरीतल्या सोसायट्यांमध्ये झाडांचा पाला पेटवायचे, तिथे तू जाऊन उभी राहायचीस. एका सेक्रेटरीनं तुला सुनावलं, "अहो बाई, आमचा पाला आहे, आम्ही जाळू." तू म्हणालीस, "जाळा की. फक्त धूर तुमच्या कंपाउंडच्या आतच ठेवा." दुसऱ्या रविवारपासून वॉचमन पोती भरून फाटकाशी ठेवायला लागला. तो सगळा पाला, तो चोथा बांधांच्या मागे पसरायचा, की ऊन थेट मातीला लागू नये. तू उघड्या जमिनीकडे अशी बघायचीस जसं काही रस्त्यात कुणाचे कपडे फाटले आहेत.

मग हुलगा पेरला, मटकी पेरली. बांधांवर गिरिपुष्पाच्या काड्या खोचल्या. त्याचा पाला छाटून पुन्हा खालीच टाकायचा. आणि दर पावसाळ्यात एका भागात ताग. ताग फुलावर आला, की उभाच्या उभा कापून तिथेच आडवा करायचा, म्हणजे तो कुजून माती होतो.

त्या तागाबद्दल आता बोलते. तू असताना कधी बोलले नाही.

त्या वर्षी माझी आई अमरावतीहून आली होती. मी तिला सांगितलं होतं, "आई, रविवारी तुला दाखवते, सगळा उतार पिवळा झाला आहे." तिला फुलांचं वेड. तिनं सकाळीच नवी साडी नेसली. मी तुला शनिवारी फोन केला होता, आठवतं? म्हणाले होते, "उद्या आईला आणते आहे. ताग उद्या संध्याकाळी काप." तू "हं" म्हणालीस. आम्ही पोचलो तेव्हा सगळा ताग जमिनीवर आडवा पडला होता. तू विळा धुवत होतीस.

"अगं, मी तुला सांगितलं होतं," मी म्हणाले.

"काडी निबर व्हायला लागली होती. आणखी थांबले असते तर कुजला नसता." मग आईकडे वळून म्हणालीस, "पुढच्या वर्षी या, काकू. तेव्हा दाखवते."

आई बिचारी म्हणाली, "हो हो, येईन की." तिनं खाली वाकून आडव्या पडलेल्या तागातली दोन फुलं उचलली आणि पदराला बांधली.

पुढच्या वर्षी आई नव्हती.

अर्धा दिवस, नसीम. अर्ध्या दिवसानं तुझ्या मातीचं काय बिघडलं असतं? मी हे तुला कधी विचारलं नाही, कारण तू काहीतरी बरोबर उत्तर दिलं असतंस. तुझी उत्तरं नेहमी बरोबर असायची. आई गेल्यावर तू माझ्या घरी आलीस, सांत्वनाचा एक शब्द बोलली नाहीस, स्वयंपाकघरात जाऊन लोकांच्या चहाचे कप विसळत राहिलीस. आमचे हे म्हणाले, "मैत्रीण आहे की मोलकरीण?" मी म्हणाले, "दोन्ही नाही. भूगोल आहे."

आणि त्या पावसाळ्यात सगळा ताग कापून झाल्यावर वरच्या बांधालगतचा एक पट्टा तू उभाच ठेवलास. फुलला, पिवळाधमक झाला, शेंगा धरल्या, वाळून खुळखुळ वाजायला लागला, तरी तू त्याला हात लावला नाहीस. मी विचारलं, "हा का ठेवलास?" तू म्हणालीस, "बियाण्याला." बियाणं तू दर वर्षी मार्केट यार्डातून आणायचीस. त्या पट्ट्याकडे बघत आपण भाकरी खाल्ली. तेवढ्यापुरती मी तुला माफ करते. तेवढ्यापुरतीच.

हळूहळू मुरमावर माती आली. आधी बांधाच्या पोटाशी, मग तिथून वर वर सरकत. एके दिवशी तू माझं बोट धरून जमिनीत खुपसलंस आणि ते गेलं. आत थंड होतं, ओलं होतं, आणि ऊन तर रणरणत होतं. तू हसलीस. वर्गात तुला असं हसताना कुणी पाहिलं असतं तर शाळेची शिस्त संपली असती. पुढे तिथे तूर झाली, बाजरी झाली, भोपळे तर इतके झाले की स्टाफरूममध्ये लोक तुला बघून लपायला लागले.

तोवर वाघोली वाढत वाढत तुझ्या बांधाला येऊन टेकली होती. वरच्या अंगाची टेकडी कुणीतरी सपाट केली. शेजारच्यानं प्लॉट पाडले, भिंत घातली, बोर्ड लावला. एक एजंट तर दर महिन्याला यायचा. "मॅडम, इथे आता शेती कोण करतं?" तू तुरीत उभी राहून म्हणालीस, "चष्म्याचा नंबर वाढला असेल तुमचा. तपासून घ्या."

मग तो पाऊस झाला, ज्यात वरून सगळं पाणी एकदम आलं. दुसऱ्या दिवशी आपण धावत गेलो. शेजारची भिंत आडवी झाली होती, त्याच्या प्लॉटला घळी पडल्या होत्या, रस्त्यावरून चहासारखं पाणी वाहत होतं. आणि तुझ्या सगळ्यात खालच्या बांधातून जे पाणी झिरपत होतं ते नितळ. तू ओंजळीत घेऊन मला दाखवलंस. "बघ. एक कणसुद्धा नेऊ दिला नाही." तू चिखलात उभी राहून नाचायचीच बाकी होतीस. शेजारचा प्लॉटवाला हताश होऊन आला. म्हणाला, "बाई, माझी सगळी माती तुमच्या बांधाला येऊन अडकली आहे."

"अडकली नाही. राहायला आली आहे."

"मग ती परत…"

"मला विचारून आली नाही. विचारून जाणारही नाही."

त्या माणसाचं नुकसान झालं होतं, नसीम. भिंत पडली होती त्याची. तू एकदाही 'अरेरे' म्हणाली नाहीस. लोकांचं वाईट झालं की तुला ते पाठातलं उदाहरण वाटायचं.

मग उदाहरण व्हायची पाळी तुझ्यावर आली. पोटात दुखतं म्हणून गेलीस आणि डॉक्टरांनी जे सांगितलं त्यात करण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये तू नर्सना सळो की पळो केलंस. एकीला विचारलंस, "तुझं गाव कुठलं? तिथली माती कशी आहे?" तिला सांगता येईना, तर म्हणालीस, "मग तिथे इतकी वर्षं काय केलंस?" सलीम रोज दुकान बंद करून यायचा. सफरचंद कापून द्यायचा. ते तू खायची नाहीस, मग तोच खायचा.

त्या दुपारी तो खाली औषधं आणायला गेला होता. तू मला जवळ बोलावलंस.

"सलीमला विचारलं. तो हो म्हणाला. इतक्या पटकन हो म्हणाला, की त्यानं ऐकलंच नसणार. आता तुला विचारते. माझ्यामागे वावर तू बघशील?"

"नाही," मी म्हणाले.

तू डोळे मिटलेस. "का?"

"माझे गुडघे बघ. आणि तुझ्यानंतर ती जागा तुझ्या भावाची. मी कुठल्या नात्यानं तिथे कुदळ घेऊन उभी राहू? एक वर्ष ताग पेरीन, दुसऱ्या वर्षी कंटाळीन. तुला माहीत आहे ते."

"माहीत आहे."

"मग विचारतेस कशाला?"

"तू खोटं बोलतेस का, ते बघायचं होतं." मग तू भिंतीकडे तोंड केलंस. "बरं झालं. एक माणूस तरी खरं बोललं."

खरं सांगते, जिना उतरताना मी जवळजवळ खुशीत होते. इतक्या वर्षांत तू कुणाला चांगला शेरा दिलेला मी पाहिला नव्हता. मला दिलास. त्यानंतर मी दोनदा आले, पण तू गुंगीत होतीस. ते आपलं शेवटचं बोलणं ठरलं.

तुला नेलं तेव्हा मी बायकांबरोबर तुझ्या घरीच बसले होते. कब्रस्तानातून परत आल्यावर सलीम माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या बुटांना पांढरी धूळ लागली होती. म्हणाला, "शैलाताई, तिथे सगळा मुरूम निघाला. कुदळ लागेना. शेवटी ब्रेकर आणावा लागला." एवढं बोलून तो आत गेला. तुला मऊ जमीन मिळाली नाही. कुणी मुद्दाम केलं नाही, जागा होती तशी होती.

आता तुला जे सांगायला बसले ते सांगते.

तू जाऊन चाळीस दिवसही झाले नव्हते, चाळिसावा व्हायचा होता. रविवार होता. घरात बसवेना, म्हणून बस पकडून गेले. काही करायला नाही, नुसतं बघायला. लांबूनच आवाज आला. तुझ्या वावरात जेसीबी चालत होता. बांध फुटले होते, गिरिपुष्पं उपटून एका बाजूला रचली होती, आणि माती डंपरमध्ये भरली जात होती. जेसीबीच्या मागे बगळे चालत होते. एरवी नांगरामागे असतात ना, तसे. गांडुळं वेचत होते. नांगर नको म्हणायचीस.

हातात काठी घेतलेला एक माणूस ओरडला, "मॅडम, बाजूला व्हा, डंपर मागं येतोय."

"ही माती कुठे चालली आहे?"

"हिंजवडीला. मोठा टावर हाय, तिथं वरच्या मजल्याव बाग करत्यात."

"हीच माती का?"

"अवो, हात लावून बघा की! अशी माती आता ह्या पट्ट्यात ऱ्हायलीच न्हाय. शेजारचा मालक म्हनला, माझी फुकट न्या. पर तिथं नुसता मुरूम. कोन घेतंय? ह्यात गांडुळं बघा किती हायती." त्यानं एक ढेकूळ उचलून माझ्या हातात दिलं आणि ते माझ्या हातात आपोआप फुटलं. "कुनीतरी लई मेहनत घेतल्याली दिसतीय."

कुणीतरी. शोकसभेत जे जे बोललं गेलं त्या सगळ्याहून हे खरं होतं, आणि बोलणाऱ्याला तुझं नावही माहीत नव्हतं.

मी जेसीबीसमोर आडवी पडले नाही. ओरडलेही नाही. खालचा मुरूम उघडा पडेपर्यंत उभी राहिले. पिवळट, टणक, आपण पहिल्या दिवशी पाहिला होता तस्साच. तो तिथेच होता इतकी वर्षं, आपली वाट बघत. शेजारच्या प्लॉटला कुणी हात लावला नव्हता. त्यानं काही केलं नाही, म्हणून त्याचं सगळं जागच्या जागी आहे. तू पाला जाळू दिला असतास, ताग पेरला नसतास, पाणी पळू दिलं असतंस, तर तुझ्याही जमिनीला कुणी विचारलं नसतं. तू चांगली केलीस म्हणून ती गेली. हे उत्तर तुझ्या धड्यात नव्हतं.

तिथून मी थेट दुकानात गेले. सलीम एका जुन्या कुलपात तेल सोडत होता. मला बघून त्याला सगळं कळलं.

"चहा घेणार, शैलाताई?"

"नको."

"म्हणजे भांडायला आलात."

"हो."

"मग तर चहा लागेलच," म्हणत त्यानं समोरच्या चहावाल्याला दोन बोटं दाखवली.

मी त्याला बोलायचं ते सगळं बोलले. त्यानं मधे तोडलं नाही. मग म्हणाला, "जागा मी बिल्डरला दिली. तिथे आता इमारत होणार. सगळं सपाट करून वर काँक्रीट. माती तशीच ठेवली असती तर गाडली गेली असती. आता निदान कुठल्यातरी झाडाच्या मुळाशी जाईल. मला दुसरं काय करता आलं असतं? मला कुदळ कुठल्या बाजूनं धरतात तेही ठाऊक नाही. तुम्ही करणार होता शेती?"

मी मग म्हणाले, "तू तिला शब्द दिला होतास."

"दिला होता," तो म्हणाला. "पाळायला नव्हता दिला."

चहा आला. त्यानं ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"त्या दुपारी तुम्ही नाही म्हणून गेलात ना, मी औषधं घेऊन वर आलो तर आपा रडत होती. अब्बा गेले तेव्हाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी घाबरलो. नर्सला बोलावू का, विचारलं, तर नको म्हणाली. मग मीच बोलत सुटलो. आपा, मी आहे ना. मी ताग पेरेन, मी कापेन, तू सांगशील त्या दिवशी कापेन, बांध पडला तर नीट करेन. मी खोटं बोलतोय हे तिला कळत होतं. तिला कळत नाही असं काही असायचं का? तरी मला म्हणाली, 'पुन्हा म्हण.' मी पुन्हा म्हटलं. परत म्हणाली, 'पुन्हा म्हण.' असं किती वेळ चाललं. मग झोपली."

त्यानं तेल लागलेलं कुलूप फडक्यानं पुसलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही खरं बोललात. मी खोटं बोललो. माती दोघांच्याही हातून गेली. पण ती झोपली माझ्या बोलण्यानं, शैलाताई."

त्याला मला टोचायचं नव्हतं. म्हणूनच लागलं.

परतीच्या बसमध्ये मला तुझा असा संताप आला, की शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. मला शाबासकी देऊन, भिंतीकडे तोंड करून, मी जिना उतरेपर्यंत थांबून रडलीस? जन्मभर लोकांच्या तोंडावर खरं फेकलंस, पोरींना रडवलंस, माझ्या आईला फुलं दाखवली नाहीस, आणि शेवटी तुला काय हवं होतं, तर सलीमचं खोटं? तेही पुन्हा पुन्हा? मग तसं विचारायचं होतंस. मी गणिताची बाई आहे. मला जो प्रश्न घातला जातो त्याचंच उत्तर मी देते. 'शैला, थोडं खोटं बोल' असं म्हणाली असतीस तर विचार केला असता.

आणि तू तरी कुठे सगळं विचारलंस? का नाही, एवढंच विचारलंस. मी गुडघ्यांचं सांगितलं, नात्याचं सांगितलं. तेवढ्यावर तुझं समाधान झालं. खोदायची सवय तुला, तिथे मात्र वरवर खरवडून सोडलंस. मला तुझ्या मातीचं कधीच काही नव्हतं, नसीम. मी काळ्या जमिनीतली मुलगी, माती मला फुकट मिळालेली. मला काय तिचं अप्रूप? मुंग्या चावून घेत, पोती मांडीवर घेऊन, कंबर मोडून मी इतके रविवार त्या उतारावर घातले ते तू तिथे होतीस म्हणून. तू नसताना त्या वावरात जाऊन मी काय करणार होते? ताग कापला, तर "उशीर केलास" म्हणायला कोण असणार होतं? 'नाही' म्हणाले त्याचा अर्थ एवढाच होता. तुला तो कळला असेल असं मी धरून चालले. तू रडलीस, म्हणजे कळला नव्हता. किंवा कळला, म्हणून रडलीस. हे मला आता कुणीच सांगणार नाही.

सलीमला मी दोष देत नाही. तुझ्या मातीत आता हिंजवडीत कुणीतरी शोभेची झाडं लावेल, आणि ती फोफावतील, आणि तिथल्या माळ्याला वाटेल की त्याचाच हात चांगला आहे. होऊ दे.

मी आजही तेच म्हणेन. नाही, वावर मी बघणार नाही. शंभरदा विचारलंस तरी नाहीच म्हणेन.

तरी विचार ना, नसीम. एकदा.